पहिल्या कढईची बाई

दवनीवाड्यात लग्नघरची पहिली कढई मुन्नीबाईशिवाय चुलीवर चढत नसे. तारीख निघाली की मुलीचा बाप आधी मंडपवाल्याकडे जातो की आधी मुन्नीबाईकडे, यावर कोणी पैज लावली असती, तर मुन्नीबाईच्या बाजूनं लावणारा दर खेपेला जिंकला असता. पहिली कढई म्हणजे उडदाचे वडे. पहिल्या घाण्यातले पाच वडे घरातल्या देवापुढे जातात आणि मगच बाकीचं गाव जेवतं. म्हणून कढईपुढे बसणारी बाई सवाष्ण हवी, नातवंडांची हवी आणि मुख्य म्हणजे तिची पाळी कायमची गेलेली हवी. ऐन वेळी बाई ‘दूर’ झाली, म्हणजे तिला शिवायचं नाही अशी वेळ आली, तर सगळ्या घराची पंचाईत.

आता गावातल्या पोरी कॉलेजात जातात, स्कूटीवरून गोंदियाला फिरून येतात, महिन्याचे चार दिवस घरात कोणी कोपरा धरत नाही. पण लग्नाच्या कढईपुढे आणि देवापुढे अजून कोणाची हिंमत होत नाही. मुन्नीबाई त्रेसष्ट वर्षांची, पाळी जाऊन तेरा वर्षं झालेली, नवरा धडधाकट, आणि वड्याला हात असा की वडा सगळ्या बाजूंनी सारखा फुगायचा. मान तिचाच होता आणि ती तो पुरेपूर उपभोगत होती. झारा हातात आला की ती घरमालकिणीलाही दटावायची.

पलीकडच्या गल्लीतली देवकाबाई तिच्याहून तीन वर्षांनी लहान. हात तिचाही वाईट नव्हता. पण मुन्नीबाई गावाला गेली असेल तरच लोक तिच्याकडे जात, हे तिला माहीत होतं आणि ते तिला अजिबात आवडत नव्हतं.

मुन्नीबाईच्या शेजारी ओमेश्वरी राहायची. नात्यानं लांबची पुतणसून, म्हणून ती मुन्नीबाईला काकी म्हणे. ओमेश्वरी गावची आशा ताई. चौदा वर्षं गावातल्या बाळंतपणांची, लसींची आणि गोळ्यांची वही तिच्या काखेत होती. तिला एकच खोड होती. आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं तिला वाटायचं, आणि बव्हंशी ते खरंही होतं. गोळ्या गिळल्या म्हणून सांगणारी गरोदर सून असो, की दारू सोडली म्हणणारा तिचा नवरा असो, ओमेश्वरी उंबऱ्यातूनच ओळखायची आणि तिथूनच झापायचीही.

चार वर्षांपूर्वी मुन्नीबाईच्या छातीत गाठ निघाली. ती पहिल्यांदा हाताला लागली तीही ओमेश्वरीच्याच. नागपूरला ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि पुन्हा आले. मग डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली. टॅमोक्सिफेन. पाच वर्षं, एक दिवस चुकवायचा नाही. मुन्नीबाईला ते नाव कधी उच्चारता आलं नाही. ती तिला ‘नागपूरवाली’ म्हणायची आणि सकाळच्या चहाबरोबर न चुकता घ्यायची. रोग परत आला नाही. लोक तिला पुन्हा कढईवर बोलवायला लागले, तेव्हाच ती खरी बरी झाली.

गेल्या दिवाळीत तिच्या मुलानं, भुवनेश्वरनं, मोबाईलवर त्या गोळीबद्दल काहीतरी वाचलं आणि घर डोक्यावर घेतलं.

“माय, हे गोळी बंद कर. इथं सरळ लिहून आहे, यानं पिशवीचा कॅन्सर होते म्हणून.”

“छातीचा गेला ना यानं?” मुन्नीबाई म्हणाली.

“एक काढाले गेलो आनं दुसरा पैदा करून राहिलो, अशी गोष्ट झाली हे! अशी दवाई कायले खाची?”

मुन्नीबाईचा नवरा धनलाल बाजेवर बसून होता. बायकांच्या दुखण्याचा विषय निघाला की तो तनसीच्या ढिगाकडे, म्हणजे परसात रचलेल्या धानाच्या पेंढ्याकडे, बघत बसायचा. त्या दिवशीही तो तिकडेच बघत होता. शेवटी सुनेनं ओमेश्वरीला हाक मारली.

ओमेश्वरीनं भांडण करणाऱ्यांना गप्प बसवलं आणि नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावून तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. मोबाईलवर लिहिलंय ते खरं आहे, म्हणाले. पाळी गेलेल्या हजार बायकांनी ही गोळी घेतली, तर वर्षाकाठी त्यातल्या दोघी-तिघींना गर्भपिशवीचा कॅन्सर होतो. गोळी न घेणाऱ्यांपेक्षा हे प्रमाण जास्त आहे. पण गोळी सोडली तर छातीतला रोग परत यायची भीती त्याहून पुष्कळ मोठी आहे. आणि पिशवीचा रोग बहुतेक वेळा आधी वर्दी देतो. रक्त दिसतं. थोडं का होईना, डाग का होईना, त्याच दिवशी कळवायचं.

फोन ठेवून ओमेश्वरी कमरेवर हात देऊन उभी राहिली.

“आयकलं? गोळी बंद होनार नाई. काकी, एक डाग बी दिसला का मले सांगाचं, त्याच दिवशी. आनं भुवनेश्वर भाऊजी, त्याच दिवशी मी काकीले घेऊन निघतो. माही जबान होय. मी आहो ना!”

भुवनेश्वर पुटपुटला, पण गप्प झाला. ओमेश्वरीच्या शब्दापुढे गावात सहसा कोणी जात नसे.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी कामावर निघताना, ओमेश्वरी अंगणातूनच हाक द्यायची. “काकी, काही तरास?”

“काही नाई वो,” मुन्नीबाई आतून ओरडायची.

ओमेश्वरी वहीत बरोबरची खूण करून पुढे जायची. अंगणात त्या वेळी धनलाल दात घासत असायचा, भुवनेश्वर ट्रॅक्टर पुसत असायचा, दूधवाला उभा असायचा. पहिल्या एक-दोन महिन्यांत ओमेश्वरीनं रक्ताचं नाव काढलंही असेल. पुढे ‘काही तरास’ यातच ते आलं, असं तिनं धरून चाललं. चूक इथंच झाली होती, आणि ती चौदा वर्षांत कोणाला न फसलेल्या ओमेश्वरीची होती.

वैशाखात रिंकीचं लग्न निघालं. रिंकी भुवनेश्वरची मुलगी, मुन्नीबाईची नात, घरातलं पहिलं लग्न. मुलगा देवरीचा. लग्नाच्या दोन दिवस आधी मंडप उभा राहिला आणि त्याच दुपारी पहिली कढई चढायची होती. अंगणात तीन कूलर घरघरत होते, मंडपाखाली पुरुषमाणसं कांदे चिरत होती, बायका उडदाची डाळ वाटून फेटत होत्या. आणि मुन्नीबाई गोठ्याच्या भिंतीशी, सगळ्यांपासून चार हात अंतरावर, एका पोत्यावर बसून होती.

“गुडघे धरले वो,” ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. “उठताच येऊन नाई राहिलं. देवकाले बलवा. ते चढवते कढई.”

सगळ्यांना नवल वाटलं. स्वतःच्या नातीच्या लग्नात मुन्नीबाई कढई सोडते आणि वर देवकाबाईला बोलवा म्हणते! पण बाईचं वय झालं, मोठ्या आजारातून उठलेली, म्हणून कोणी जास्त खोदलं नाही. देवकाबाईला निरोप गेला. पाच मिनिटांत ती हजर झाली, नवी साडी नेसून.

ओमेश्वरी डाळ फेटत होती. काकीचे गुडघे दुखतात म्हटल्यावर तिनं हात धुतले, पिशवीतून दुखण्याची एक गोळी काढली, पाण्याचा तांब्या घेतला आणि गोठ्याशी गेली.

“घ्या काकी. अर्ध्या घंट्यात उठून बसता तुम्ही.”

मुन्नीबाईनं ओंजळ पुढे केली. “वरून टाक.”

ओमेश्वरीनं वरून गोळी टाकली, वरून पाणी ओतलं. मुन्नीबाई ओंजळीनंच पाणी प्याली. ओमेश्वरी वळली आणि डाळीकडे निघाली. दहा-बारा पावलं गेली असेल. देवकाबाई कढईला कुंकू लावत होती, बायकांनी गाणं धरलं होतं, आणि ओमेश्वरी मध्येच थांबली. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

वरून टाक. गुडघे दुखणारी बाई गोळी हातात घेते. न शिवता वरून कोण घेतं, हे तिनं लहानपणापासून बघितलं होतं. आजी घ्यायची, आई घ्यायची, लग्न होऊन आली तेव्हा ती स्वतःही घ्यायची. चार हात लांब, गोठ्याची भिंत, पोतं. काकी दूर बसली होती. त्रेसष्टाव्या वर्षी.

ओमेश्वरीला राग आला, आणि राग आल्यावर तिला बरं वाटलं, कारण रागात काय करायचं हे तिला नेहमीच कळत असे. ती परत गोठ्याशी गेली.

“काकी, उठा. मांगं चला.”

“काऊन?”

“चला म्हनतो ना.”

तनसीच्या ढिगामागे सावली होती आणि कोणी नव्हतं. गुडघे धरलेली मुन्नीबाई तिथपर्यंत झपाझप चालत आली, तेव्हाच उरलेलं सगळं कळलं.

“किती दिवस झाले?” ओमेश्वरीनं विचारलं.

“कायचे?”

“काकी, आता मी वरून गोळी टाकली तुमच्या हातावर. किती दिवस?”

मुन्नीबाईनं पदर तोंडाला लावला. तिची नजर तनसीवर होती, थेट धनलालची असते तशी.

“एकोनीस,” ती म्हणाली. “जास्त नाई. डाग होय निस्ते. कधी दिसते, कधी नाई.”

“एकोनीस दिवस! आनं या सोमवारी मी अंगनात उभी राहून इचारलं ना तुम्हाले? काही नाई म्हनाल्या तुम्ही!”

“तू तरास इचारतेस,” मुन्नीबाई म्हणाली. “मले तरास काहीच नव्हता वो. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. आनं तुहे काकाजी समोर दात घासत उभे रायतेत, दूधवाला उभा रायते. त्यायच्यासमोर काय सांगू? का या उमरीत मी दूर बसली म्हनून?”

वहीतल्या त्या सगळ्या बरोबरच्या खुणा ओमेश्वरीच्या डोळ्यांपुढे आल्या आणि तिला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

“मंग माह्या घरी याचं होतं. पाच पावलं नाईत.”

“आली होती दोनदा. दारातून वापस गेली.” मुन्नीबाई म्हणाली. “भुवनेश्वर पहिलंच म्हनला होता गोळी बंद कर. तू सगळ्यायसमोर जबान देली. मी रक्ताचं नाव काढलं असतं तं थो तुह्यावर चढला असता. तुही जबान खाली पडली असती, पोरी. पूरं गाव तुह्या भरोशावर गोळ्या खाते.”

हे ऐकून ओमेश्वरीचे डोळे भरून आले आणि आवाज मात्र आणखी चढला.

“माही जबान वाचवाले तुम्ही मरान? आनं जबान मी कायची देली होती? रक्त येनारच नाई, अशी देली होती का? रक्त आलं तं त्याच दिवशी नेतो, अशी देली होती! ते तं तुम्हीच मोडली, एकोनीस दिवस झाले!”

मुन्नीबाईला हे नवीनच होतं. ती विचारात पडली.

“असं बी होय,” ती हळूच म्हणाली.

ओमेश्वरीनं डोळे पुसले. “एक गोष्ट सांगा. इतकं लपवलं, तं मंग कढईले हात काऊन नाई लावला? कोनाले समजनार होतं? चढवली असती, वडे तळले असते. मले जिंदगीभर पत्ता लागला नसता.”

मुन्नीबाईनं तिच्याकडे असं बघितलं, जसं काही ओमेश्वरीनं तिला चोरी करायला सांगितलं होतं.

“देवाचे वडे होत ते! तोंडानं खोटं बोलता येते. हात कसा लावू?”

यावर ओमेश्वरीला हसू आलं, रडता रडताच. या रिवाजावर तिनं सभांमधून, मुलींच्या शिबिरांमधून कितीतरी भाषणं दिली होती. आज त्याच रिवाजानं काकीला पकडून तिच्या हातात दिलं होतं. भांडण नंतर कधीतरी करता येईल, असं तिनं ठरवलं.

“उद्या सकाळी गोंदियाले जाचं,” ती म्हणाली.

“उद्या? उद्या हळद आहे! परवा लगन. लगन होऊ दे, मंग तू म्हनशीन तिथं येतो.”

दोन दिवसांनी काही आभाळ कोसळणार नव्हतं, हे ओमेश्वरीलाही माहीत होतं. पण तिला हेही माहीत होतं, की लग्नानंतर पोरीला आणायला देवरीला जायचं असतं, मग पाहुणे असतात, मग धानाच्या नर्सरीसाठी शेत तयार करायचं असतं, मग रोवणी, म्हणजे धानाची लावणी. आज न निघालेली बाई धान घरात येईपर्यंत निघत नाही. अशा तिघी तिनं गमावल्या होत्या. त्यांची नावं तिला पाठ होती.

“उद्या,” ती म्हणाली. “पहिली बस. दुपारी वापस. हळद संध्याकाळी लागल.”

“घरात सांगन कोन?”

“मी आहो ना,” ओमेश्वरी म्हणाली, आणि या वेळी ते म्हणताना तिचा आवाज थोडा खाली होता.

तिनं धनलालला आणि भुवनेश्वरला कांद्यांवरून उठवून ढिगामागे आणलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. रक्त, एकोणीस दिवस, उद्याची बस. भुवनेश्वरचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“मी म्हनलो होतो ना! म्हनलो होतो का नाई? गोळी बंद केली असती तं...”

“गोळी बंद केली असती तं काय झालं असतं, हे मले नाई माहीत, तुम्हाले बी नाई,” ओमेश्वरी म्हणाली. “चार वर्षं तुमची माय चालून-फिरून राहिली, हे दोघायलेही माहीत आहे. चूक गोळीची नाई. मी अंगनात उभी राहून इचारत होती, थे चूक होय. माही होय. मले बोला काय बोलाचं थे.”

चूक कबूल केलेल्या माणसावर कसं ओरडायचं, हे भुवनेश्वरला माहीत नव्हतं.

धनलाल इतका वेळ बायकोकडे बघत होता. तनसीकडे नाही, तिच्याकडे. “माह्यामुळे नाई सांगतलं का?” त्यानं विचारलं.

मुन्नीबाईनं मान डोलावली.

“उद्यापासून मी विहिरीवर दात घासीन,” धनलाल म्हणाला.

रिंकीला कळलं तेव्हा ती मेंदीचे हात हवेत धरून उभी होती. तिनं एवढंच विचारलं, की आजी हळदीपर्यंत परत येईल ना. ओमेश्वरी हो म्हणाली. तिकडे देवकाबाईनं कढई चढवली. वडे चांगले झाले, पण दोन बाजूंनी जरा दबले. मुन्नीबाईनं ते लांबून पाहिलं आणि ते तिला कळलं, पण ती बोलली नाही. तेवढं मन त्या दिवशी तिनं मोठं केलं.

सकाळच्या पहिल्या बसनं तिघं निघाली, मुन्नीबाई, ओमेश्वरी आणि धनलाल. भुवनेश्वरला मंडप सोडून येता येईना. गोंदियाच्या डॉक्टर बाईंनी सोनोग्राफी केली. पिशवीच्या आतलं अस्तर जाड झालेलं दिसत होतं, या वयात असतं त्याच्या चौपट. “डरने का नहीं, माताजी,” त्या म्हणाल्या, “लेकिन टुकड़ा निकाल के जाँच को भेजना पड़ेगा, अभी.” तुकडा काढला, बाटलीत घातला, कागदावर नाव लिहिलं. चार वाजता तिघं घरी होती. संध्याकाळी हळद लागली आणि दुसऱ्या दिवशी रिंकी देवरीला गेली.

रिपोर्ट नऊ दिवसांनी आला. ओमेश्वरीनं तो तीनदा वाचला. कॅन्सर होता. छातीतला जुना पसरला नव्हता, हा वेगळा होता, पिशवीचा स्वतःचा. डॉक्टर सांगत होते त्या हजारांतल्या दोघी-तिघींमध्ये मुन्नीबाईचं नाव निघालं होतं. ओमेश्वरीला भीती वाटली, ती वाटणारच. पण भीतीच्या खाली तिला पक्की खात्री होती, की आपण वेळेत आहोत. रिपोर्ट घेऊन ती मुन्नीबाईच्या घरी गेली, अंगणात न थांबता सरळ स्वयंपाकघरात, आणि दार लोटून तिनं सगळं सांगितलं.

“काढून टाकतेत पिशवी?” मुन्नीबाईनं विचारलं.

“हो.”

“मंग काढू दे. तिचं काम तं कवाचं झालं. भुवनेश्वर झाला, हे पुष्कळ झालं.”

नागपूरला ऑपरेशन झालं. आतून निघालेलं सगळं तपासलं. रोग अस्तरातच होता, पिशवीच्या बाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. यासाठी बाकी कोणतं औषध लागणार नाही, नियमानं तपासायला यायचं, असं डॉक्टर म्हणाले. आणि हेही म्हणाले, की इतक्या लवकर फार थोड्या बायका येतात. एकोणीस दिवसांचं ऐकून त्यांनी मान हलवली, पण बऱ्याच बायका एकोणीस महिने लावतात, असं सांगितलं.

भुवनेश्वर आता नेमका प्रश्न घेऊन आला होता. “डॉक्टरसाहेब, आता तरी गोळी बंद ना?”

डॉक्टरांनी समजावलं. या गोळीचा तो धोका पिशवीला होता. पिशवीच आता नाही. छातीसाठी ठरलेल्या पाच वर्षांतलं अजून जवळजवळ एक वर्ष बाकी आहे, ते पुरं करू. भुवनेश्वरनं आणखी चार प्रश्न विचारले, सगळे कागदावर लिहून आणलेले. डॉक्टरांनी चारही उत्तरं दिली. मग त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि परत येताना बसमध्ये आईच्या हातात स्वतःच गोळी दिली.

“ज्या खोलीत थे खोड्या करत होती, थे खोलीच पाडली,” मुन्नीबाई गावात सगळ्यांना सांगत सुटली. “आता नागपूरवालीले खुशाल खातो!”

ओमेश्वरीनं वहीत एक नवीन पान काढलं. गावातल्या पाळी गेलेल्या सगळ्या बायकांची नावं त्यावर लिहिली, गोळी खाणाऱ्याही आणि न खाणाऱ्याही. आता ती अंगणातून हाक देत नाही. आत जाते, दार लोटते, आणि ‘तरास’ हा शब्द तोंडात येऊ देत नाही. “रक्त? डाग?” एवढं विचारते आणि उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत राहते. काही बायका लाजतात, काही चिडतात. ओमेश्वरी बसून राहते.

पण शेजारणीला ‘नाही’ म्हणायला काय लागतं? तोंडानं खोटं बोलता येतं, हे मुन्नीबाईनंच सांगून ठेवलं होतं.

पुढच्या वैशाखात गावातल्या केशोरावकडे लग्न निघालं, त्यांच्या मुलाचं, रोशनचं. केशोराव मंडपवाल्याच्या आधी मुन्नीबाईकडे आले. कढईच्या दिवशी दुपारी मुन्नीबाई त्यांच्या अंगणात पाटावर बसली, पदर खोचला, तेल तापायला ठेवलं आणि वडे थापायला देवकाबाईला हाक मारली. देवकाबाई आली नाही. ती तुळशीच्या पलीकडे, कुंपणाच्या सावलीत, एकटीच बसली होती.

“कंबर धरली माही,” ती तिथूनच म्हणाली. “तूच थाप आज.”

मुन्नीबाईनं झारा खाली ठेवला. तांब्या भरून घेतला आणि कुंपणाशी गेली. देवकाबाईनं ओंजळ पुढे केली.

“वरून टाक.”

मुन्नीबाई तांब्या धरून उभी राहिली. अंगणात तीस माणसं होती, निम्मे पुरुष. मग ती खाली वाकली, देवकाबाईच्या दोन्ही हातांत तांब्या दिला, त्या हातांवर आपले हात ठेवले आणि तिच्याजवळ, अगदी तिला लागून, जमिनीवर बसली.

“देवका, हे जागा माही होय,” ती म्हणाली. “मी बी अशीच लपवून बसली होती एकोनीस दिवस. तू किती दिवसाची बसून राहिली?”

देवकाबाईनं तांब्याकडे बघितलं. मग मंडपातल्या पुरुषांकडे. “मी तं कोनती गोळी बी खात नाई,” ती पुटपुटली.

“गोळी नसली तरी. किती दिवस?”

“नऊ.”

मुन्नीबाईनं तिचा हात सोडला नाही. तिथूनच तिनं आवाज दिला, असा की मंडपातले कांदे चिरणारे हात थांबले. “ओमेश्वरी! वही आन तुही. उद्याच्या पहिल्या बसनं देवकाले घेऊन जाचं आहे. मी बी येतो.”

“तेल तापलं वो!” चुलीजवळून कोणीतरी ओरडलं. मग त्या बाईच्या लक्षात आलं की मुन्नीबाई कोणाला शिवून बसली आहे, आणि ती पुढे काय बोलावं या विचारात पडली. सगळेच पडले. धनलाल मंडपात बसला होता. त्यानं डोळे पुसले, कांद्यामुळे असेल, आणि म्हणाला, “कढई थांबली तं थांबू द्या. तिचं बोलनं होऊन राहिलं.”

ओमेश्वरी वही घेऊन कुंपणाशी आली. देवकाबाईचं नाव त्या पानावर आधीच होतं. त्यापुढे तिनं ‘नऊ दिवस’ लिहिलं आणि उद्याची तारीख घातली.

मुन्नीबाई उठली, विहिरीवर जाऊन हात धुतले आणि परत पाटावर बसली. कोणी तिला उठ म्हटलं नाही. पहिला घाणा निघाला, त्यातले पाच वडे आत देवापुढे गेले. वडे सगळ्या बाजूंनी सारखे फुगले होते.